पानिपत संक्रांतीला झालं नाही: एका फॉरवर्डचा हिशेब

दर जानेवारीत तिळगुळाच्या फोटोंच्या आगेमागे एक संदेश हमखास येतो. मजकूर थोड्याफार फरकाने असा: "14 जानेवारी 1761, मकरसंक्रांतीचा दिवस. याच दिवशी पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. संक्रांतीचा सूर्य मराठ्यांच्या डोळ्यांवर आला. तेव्हापासून 'संक्रांत कोसळणे' हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि तेव्हापासूनच आपण संक्रांतीला काळे कपडे घालतो. बाकीचे सण चंद्रावर चालतात म्हणून मागेपुढे होतात, संक्रांत सूर्यावर चालते म्हणून ती कायम 14 जानेवारीलाच."

यातली लढाईची तारीख बरोबर आहे. त्या दिवशी संक्रांत मात्र नव्हती. ती चार दिवस आधीच होऊन गेली होती. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

"संक्रांत सूर्यावर चालते म्हणून ती कायम 14 जानेवारीलाच."

पहिला अर्धा भाग खरा. पण सूर्यावर चालणारी वर्षं दोन आहेत आणि ती सारखी नाहीत. भिंतीवरचं इंग्रजी कॅलेंडर ऋतूंना बांधलेलं आहे. त्याचं सरासरी वर्ष 365 दिवस 5 तास 49 मिनिटं 12 सेकंदांचं. आपली संक्रांत तारकांना बांधलेली आहे. सूर्य निरयन, म्हणजे तारकांवरून मोजलेल्या, मकर राशीत शिरला की संक्रांत, आणि तसा तो पुन्हा शिरायला 365 दिवस 6 तास 9 मिनिटं 10 सेकंद लागतात. वर्षाला जेमतेम 20 मिनिटांचा फरक. 20 मिनिटं साठत साठत सुमारे 72 वर्षांत एक दिवस होतो, आणि संक्रांत तेवढी पुढे सरकते.

हे सरकणं सरळ रेषेत होत नाही, म्हणून ते पटकन दिसत नाही. 2021 मध्ये संक्रमण, म्हणजे सूर्याचं मकरेत शिरणं, 14 जानेवारीला सकाळी 8:30 ला झालं, 2022 मध्ये दुपारी 2:43 ला, 2023 मध्ये रात्री 8:57 ला आणि 2024 मध्ये 15 तारखेला पहाटे 2:54 ला. सरासरीने दर वर्षी सहा तास आणि वर काही मिनिटं. मग 29 फेब्रुवारी येऊन एक अख्खा दिवस मागे ओढतो, म्हणून 2025 मध्ये पुन्हा 14 तारीख, सकाळी 9:03. त्यात आणखी एक नियम आहे: संक्रमण सूर्यास्तानंतर झालं तर पुण्यकाळ, म्हणजे सण पाळायची वेळ, दुसऱ्या दिवशी. म्हणून 2023 चं संक्रमण 14 ला होऊनही सण 15 ला झाला, आणि "पंचांगवाल्यांनी घोळ घातला" अशी कुरकुर झाली. घोळ नव्हता. सन 2100 हे लीप वर्ष नाही, त्यामुळे त्यानंतरच्या लोकांना 16 जानेवारीची सवय करावी लागेल.

"14 जानेवारी 1761, मकरसंक्रांतीचा दिवस."

आता हाच हिशेब उलटा. कागद-पेन्सिल पुरते.

2024 चं संक्रमण हाताशी घ्या: 15 जानेवारी, पहाटे 2:54. तिथून 1761 पर्यंत 263 वर्षं मागे जायचं आहे. प्रत्येक वर्षातले 365 दिवस दोन्ही बाजूंना सारखेच असल्याने सोडून द्या, फक्त वरचा भाग मोजा. 263 गुणिले 6 तास 9 मिनिटं 10 सेकंद, म्हणजे 67 दिवस 10 तास 11 मिनिटं. कॅलेंडरने तेवढ्या काळात किती लीप दिवस घातले? 1764 पासून 2020 पर्यंत दर चार वर्षांनी एक धरला तर 65. त्यातून 1800 आणि 1900 वजा, कारण ती लीप वर्षं नव्हती. उरले 63. इथे बहुतेकांची चूक होते: ती दोन वर्षं वजा करायची राहतात आणि उत्तर दोन दिवसांनी बिघडतं. 67 दिवस 10 तासांतून 63 दिवस गेले, राहिले 4 दिवस 10 तास. ते 15 जानेवारीच्या पहाटेतून वजा केले की येतो 10 जानेवारी 1761, दुपारी पावणेपाचचा सुमार. पृथ्वीच्या कक्षेतल्या बारीकसारीक फरकांमुळे यात तासाभराची चूक निघेल. चार दिवसांची निघणार नाही.

यावर तीन शंका येतात.

पहिली, "14 जानेवारी ही जुन्या, ज्युलियन पद्धतीची तारीख असेल." नाही. ज्युलियनप्रमाणे तो दिवस 3 जानेवारी ठरतो. इंग्रजांनी 1752 मध्येच कॅलेंडर बदललं होतं, आणि 14 ही नव्या पद्धतीचीच तारीख आहे. शिवाय तिथी आपली आपण साक्ष देते: पौष शुद्ध अष्टमी, शके 1682, बुधवार. 14 जानेवारी 1761 ला बुधवारच येतो आणि चंद्रही अमावास्येपासून आठव्या तिथीत येतो.

दुसरी, "तेव्हाची पंचांगं आजच्यासारखी अचूक नव्हती." हे खरं. तेव्हा महाराष्ट्रात गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' या ग्रहगणिताच्या ग्रंथावरून गणित होई, आणि जुन्या ज्योतिष सिद्धांतातलं वर्ष आजच्या मोजमापापेक्षा साडेतीन मिनिटांच्या आसपास मोठं आहे. त्यामुळे संक्रमणाची वेळ काही तास मागेपुढे होईल. फार तर पुण्यकाळ 11 तारखेला जाईल.

तिसरी टिळक पंचांगाची. त्यात संक्रांत आजही 10 जानेवारीच्या सुमारास येते, कारण राशिचक्राचा आरंभबिंदू वेगळा धरला आहे. पण ते पंचांग विसाव्या शतकातलं, आणि त्याच्या गणिताने 1761 ची संक्रांत आणखी चार दिवस अलीकडे जाते. म्हणजे फॉरवर्डला त्याची मदत होतच नाही.

हिशेबावर विश्वास नसेल तर ताळा घ्यायला एक सोपी तारीख आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, आणि बंगाली पंचांगाने तो पौष संक्रांतीचा दिवस. वरचंच गणित 161 वर्षांसाठी करा: 41 दिवस 6 तासांतून 39 लीप दिवस वजा, उत्तर 12 जानेवारी. 1761 ला 10, 1863 ला 12, विसाव्या शतकाच्या आरंभी 13, मग 14, आता 14-15. आपल्या आजीच्या लहानपणी संक्रांत 14 ला होती म्हणून सदाशिवराव भाऊसाहेबांच्या वेळीही ती 14 लाच असणार, एवढाच या फॉरवर्डचा आधार आहे.

"संक्रांतीचा सूर्य मराठ्यांच्या डोळ्यांवर आला."

सूर्य डोळ्यांवर आला असेल. अब्दाली दिल्लीच्या वाटेवर आडवा होता, म्हणजे मराठ्यांची तोंडं दक्षिणेकडे. पानिपत 29.4 अंश उत्तरेला. 14 जानेवारीला तिथे माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम 39 अंशांवर असतो. पण 21 डिसेंबरलाही तो 37 अंशांवर होता. सगळा हिवाळा तो असाच खाली असतो. त्याचं उत्तरेकडे सरकणं 21 डिसेंबरलाच सुरू होतं. दोष द्यायचाच तर ऋतूला द्या.

"तेव्हापासून 'संक्रांत कोसळणे' रूढ झालं."

पंचांगाची पहिली पानं कधी वाचली असतील तर या वाक्प्रचाराला पानिपताची गरज वाटणार नाही. तिथे संक्रांत ही देवी आहे. ती कशावर बसून येते, काय नेसते, काय खाते, कुठे बघते हे सगळं दिलेलं असतं. तिने धरलेली वस्तू महागते, ती बघते त्या दिशेला पीडा होते. वाहन ठरतं ते संक्रमणाच्या क्षणी चालू असलेल्या करणावरून, म्हणजे अर्ध्या तिथीवरून: बव असेल तर सिंह, बालव असेल तर वाघ. दिवस सूर्याने ठरवायचा आणि वाहन चंद्राने द्यायचं, अशी ही गमतीदार वाटणी. या संक्रांतिफलाचं प्रकरण 1600 सालच्या 'मुहूर्तचिंतामणी' या मुहूर्तग्रंथात आहे, म्हणजे पानिपताच्या 161 वर्षं आधी.

"तेव्हापासून काळे कपडे."

सुतकाचा रंग म्हणून काळा हा आपला संकेतच नाही. आपल्याकडे शोकाला पांढरं नेसतात. संक्रांतीला काळी चंद्रकळा कुणाला घेतात? नव्या सुनेला, तिच्या पहिल्या सणाला, वर हलव्याचे दागिने घालून. काळं झबलं कुणाला? बोरन्हाण घालायच्या तान्ह्याला. घराण्याचं दुःख पाळायला ही माणसं कोण निवडील? मंगळसूत्रातही काळेच मणी असतात. काळं कापड ऊब धरतं आणि सण ऐन थंडीत येतो, एवढं कारण पुरे.

राहता राहिला स्मृतिदिन. पानिपतच्या रणभूमीवरच्या काला आंब इथे 14 जानेवारीला लोक जमतात ते तारखेप्रमाणे योग्यच आहे. तिथीने पाळायचा असेल तर पौष शुद्ध अष्टमी धरावी लागेल, आणि ती खरोखरच हलते: 2024 मध्ये 18 जानेवारी, 2025 मध्ये 7 जानेवारी, त्यानंतरची 2025 च्याच डिसेंबर अखेरीस. चांद्रवर्ष 11 दिवसांनी तोकडं असल्याने ती अशी मागे येत राहते. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने 2027 ची अष्टमी पुन्हा जानेवारीच्या मध्यावर, संक्रांतीला अगदी खेटून येईल. त्या वर्षी हा फॉरवर्ड जरा जास्तच जोरात फिरेल.