बा बर्फा म्हाराजा

मे महिन्यात मालवणातला माणूस आंब्याकडे आणि आभाळाकडे आलटून पालटून बघतो. मी बघतो गोठलेल्या तळ्याकडे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या वायव्य कोपऱ्यात रेड लेक नावाचं गाव आहे, तिथे बघायला दुसरं फारसं काही नसतं. १०५ नंबरचा हायवे या गावात येऊन संपतो. पुढे नुसतं जंगल, दलदल, खडक आणि तळी. त्यातल्याच एका तळ्याकाठी आमचा मासेमारीचा कॅम्प आहे. चार लाकडी केबिनी, ॲल्युमिनियमच्या होड्या, गॅसवर चालणारे फ्रीज. भागीदारीत तो घेतला तेव्हा धाकट्या काकांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "पकडलेले मासे परत पाण्यात सोडणारी गिऱ्हाइकं? आणि पैसे ती देतात?"

कॅम्पला रस्ता नाही, जायचं ते विमानानं. हिवाळ्यात विमानाला बर्फावर उतरायला स्की लावतात, उन्हाळ्यात पाण्यावर तरंगणारे फ्लोट. मधल्या काही आठवड्यांत मात्र बर्फ स्कीचा भार पेलत नाही आणि फ्लोटला पाणी देत नाही. इथली बीव्हर विमानं मूळची टोरोंटोची. पहिलं बीव्हर १९४७ साली उडालं, तेव्हापासून ही जात जगभरच्या रानावनांत उतरत आली आहे. पण या आठवड्यांपुढे तिनंही हात टेकले. ते विमान गावातल्या तळ्याच्या धक्क्यावर उभं आणि त्याच्या पंखाखाली मी उभा. विमानाचा निदान विमा तरी आहे.

त्यात सरकारी नियम. इथला मानाचा मासा वॉलाय. अंडी घालायला त्याला निवांतपणा मिळावा म्हणून आमच्या भागात त्याची मासेमारी एप्रिलच्या मध्यावर बंद होते आणि मेच्या तिसऱ्या शनिवारी उघडते. माशाची एवढी काळजी घेणाऱ्या सरकारनं ही तारीख बर्फाला कळवलेली नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या गिऱ्हाईक मंडळींना मात्र ती पाठ असते. एप्रिल संपता संपता फोन सुरू होतात.

"गेला का?"

"जातोय."

"कधीपर्यंत जाईल?"

"वाऱ्यावर आहे." हे उत्तर मी भागीदाराकडून उचललं. ते खरं आहे आणि त्यातून काहीही कळत नाही, असं दुहेरी सुख त्यात आहे.

गावात या दिवसांत प्रत्येक जण तज्ज्ञ. पेट्रोल पंपावरची बाई म्हणते, लून पक्षी आलेत, म्हणजे कुठेतरी पाणी उघडलंय. शेजारचे म्हातारबुवा काठाशी जाऊन बर्फाला काठी टोचतात आणि डॉक्टरसारखे काही न बोलता परत येतात. भागीदार संगणकासमोर. नासाच्या उपग्रहाची रोजची चित्रं फुकट बघायला मिळतात, पण त्यात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे अडीचशे मीटर. आमचं अख्खं तळं त्यात पाच-दहा ठिपक्यांचं. युरोपच्या उपग्रहाचं चित्र स्पष्ट असतं, पण तो काही दिवसांनी एकदा फिरकतो, आणि तो फिरकला की नेमके ढग. "हा ठिपका काल पांढरा होता, आज राखाडी वाटतो," असं भागीदार मला मध्यरात्री कळवतो. मीही उठून तो ठिपका बघतो. "अहो, झोपा आता," बायको म्हणते, "ठिपका कुठे पळून जात नाही." तेच तर दुःख आहे.

बर्फ कसा जातो, हे आता मला नको इतकं माहीत झालंय. वरचा पांढरा थर ऊन परतवून लावतो, तोवर काही होत नाही. तो विरघळला की खालचा बर्फ राखाडी, मग काळा दिसायला लागतो. ऊन आत शिरतं आणि स्फटिकांच्या सांध्यासांध्यांतून बर्फ पोखरतं. शेवटी उभ्या सुयांची जुडी उरते. जाडी अजूनही हातभर, पण लाथ मारली तर ढासळेल. काठाशी त्या सुया एकमेकींवर आपटतात तेव्हा काचेच्या बांगड्यांसारखा किणकिणाट होतो. ऐकायला फार गोड, फक्त गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स आपल्याकडे नसावा.

अलास्कातल्या नेनाना गावानं या असहायतेचा धंदा केलाय. तिथे नदीच्या बर्फावर एक लाकडी तिकाटणं उभं करतात, त्याची तार काठावरच्या घड्याळाला. बर्फ हलला की घड्याळ बंद पडतं आणि तो मिनिट ज्यानं ओळखला त्याला बक्षीस. १९१७ पासून हे चाललंय. २०१९ मध्ये घड्याळ १४ एप्रिललाच थांबलं, २०१३ मध्ये थेट २० मेला. एवढा मोठा फरक वाचून मला धीर यावा अशी भागीदाराची अपेक्षा होती.

शेवटी आईचा फोन आला. "झिला, बरफ गेलो?"

"नाय गे आये."

"नारळ दिलंस?"

"नाय."

"मगे जातलो कसो?"

नारळी पौर्णिमेला समुद्राला चालतं ते तळ्याला का चालू नये, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विनिपेगहून आणलेला एक नारळ घरात होता. धक्क्यावर गेलो, टोपी काढली, गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या तळ्याच्या राखणदारा! रानातला तळा मोकळा होवंदे!"

"व्हय म्हाराजा!" बायको मागून.

"पाण्याचो पंप पयल्या झटक्यात सुरू होवंदे! अस्वलान केबिनचा दार फोडलेला नसांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"ॲडव्हान्स परत मागणाऱ्याक सुबुद्धी येवंदे!"

"व्हय म्हाराजा!" या खेपेला भागीदारही. त्याला अर्थ सांगावा लागला नाही. म्हातारबुवा "आमेन" म्हणाले.

नारळ टाकला. ठण्ण करून आपटला, घरंगळला आणि लांब जाऊन थांबला. दोन डोमकावळे आले, टोच मारून पाहिली, निघून गेले. संध्याकाळपर्यंत गावात पैजा लागल्या. नारळ कधी पाण्यात पडणार? पण काळपट वस्तू ऊन जास्त शोषते, त्यामुळे दोनच दिवसांत त्यानं स्वतःपुरती वाटी वितळवली आणि आत आरामात बसला. तळ्याचं काय ते तळं बघेल! कोकणातून आलेल्यांपैकी सगळ्यात लवकर तोच इथे रुळला.

मग एके दुपारी दक्षिणेचा वारा सुटला. आम्ही जेवायला घरी गेलो आणि परत आलो तर अर्धं तळं निळं. सगळा बर्फ पलीकडच्या काठावर ढिगानं. इतके दिवस पहारा देऊन नेमका तेवढाच खेळ आमच्या हातून निसटला. नारळ पाण्यात पडताना कुणीच पाहिला नाही, त्यामुळे पैजांचे पैसे अजून पेट्रोल पंपावरच्या बरणीत आहेत.

कॅम्पचं तळं आणखी काही दिवसांनी उघडलं. तोवर तिसरा शनिवार येऊन गेला होता. बर्फानं आमचा धक्का ढकलत झाडांत नेऊन ठेवलेला, गाद्यांत उंदरांची बाळंतपणं झालेली, पंप पहिल्या झटक्यात सोडा, पहिल्या दिवसातही सुरू झाला नाही. अस्वल मात्र आलं नव्हतं, गाऱ्हाण्यातलं तेवढं कलम मंजूर.

पहिली तुकडी उतरली. पुढच्या गृहस्थांनी मोकळ्या पाण्याकडे बघून मला मिठी मारली, विमानातून रिकामी शीतपेटी बाहेर ओढली, झाकण उघडून माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "बर्फ मिळेल ना इथे?"