मोरारजींवर राग आहेच, पण फॉरवर्ड खोटा आहे

आमच्या तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माजी पंतप्रधान मोरारजी देसाईंबद्दल आठ दिवस एकच मेसेज फिरतोय. 'मोरारजी देसाईंनी रॉचं कहुटाचं गुपित फोनवर झियांना फोडलं, म्हणून झियांनी त्यांना निशान-ए-पाकिस्तान दिला. हा सन्मान मिळालेला एकमेव भारतीय! सीआयएचा एजंट असल्याचं अमेरिकन कोर्टातही सिद्ध झालं. तरी भारतरत्न! आता तर काढूनही घेता येत नाही.'

कहुटा म्हणजे पाकिस्तानचं अणुकेंद्र, आणि निशान-ए-पाकिस्तान हा तिथला सर्वोच्च नागरी सन्मान. पाकिस्तानचे तेव्हाचे लष्करशहा झिया-उल-हक १९८८ च्या ऑगस्टमध्ये विमान अपघातात गेले. मोरारजींना निशान मिळाला १९९० मध्ये, गुलाम इशाक खान राष्ट्राध्यक्ष असताना. आता फोनचं. ती गोष्ट रॉच्या निवृत्त माणसांच्या आठवणींतून आली आहे. खरी असेलही. पण फोन एकाला आणि बक्षीस दुसऱ्याकडून, तेही दहा-बारा वर्षांनी, हा हिशेब मला जुळवता येत नाही.

'एकमेव' तर गुगलवर दोन मिनिटांत पडतं. काश्मीरचे फुटीरतावादी नेते सय्यद अली शाह गिलानी यांना २०२० मध्ये हाच निशान दिला गेला.

कोर्टाचं मात्र नीट सांगायला हवं, कारण इथं अर्धं खरं आहे. सीमोर हर्श या अमेरिकन पत्रकारानं १९८३ च्या पुस्तकात लिहिलं की मोरारजी सीआयएकडून वर्षाला २० हजार डॉलर घेत होते. मोरारजींनी अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि १९८९ मध्ये शिकागोच्या ज्युरीनं निकाल हर्शच्या बाजूनं दिला. फॉरवर्डवाला इथंच थांबतो. अमेरिकेत सार्वजनिक माणसाला असा दावा जिंकायचा तर लिहिणाऱ्यानं जाणूनबुजून खोटं लिहिलं, किंवा खऱ्याखोट्याची फिकीरच केली नाही, हे सिद्ध करावं लागतं. मोरारजींना ते जमलं नाही. त्यावरून ते एजंट ठरत नाहीत. उलट अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी त्याच खटल्यात साक्ष दिली की मोरारजी सीआयएचे असल्याचं आपल्याला माहीत नाही.

भारतरत्न काढून घेता येत नाही, हेही चूक. राष्ट्रपती ते रद्द करू शकतात, नियमातच आहे.

मेसेज लिहिणाऱ्याला खरा मसाला सापडलाच नाही. १९७७ च्या जुलैमध्ये भारतरत्न बंद केलं ते मोरारजींच्याच सरकारनं. १९८० ला ते परत सुरू झालं आणि १९९१ मध्ये त्यांनी स्वतः घेतलं. विचारायचंच तर हे विचारा की.

आणि आपलं? कोल्हापूर संस्थान १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, म्हणजे १९५२ ते ५६ मोरारजी आपलेही मुख्यमंत्री होते. संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर मुंबईत गोळ्या चालल्या त्या त्यांच्याच राज्यात. शंभरावर माणसं त्या लढ्यात गेली. कोल्हापुरात फिरणाऱ्या त्या मेसेजमध्ये याची एक ओळ नाही!

एवढं ग्रुपवर टाकल्यावर एकानं विचारलं, "भावा, तू मोरारजींच्या पार्टीचा काय?" आमचे आजोबा त्या काळी बिंदू चौकातल्या सभांना चालत जायचे. १९९१ मध्ये भारतरत्नची बातमी आली, त्या दिवशी त्यांनी पेपर न वाचताच आजीकडं दिला, भाकरी बांधायला.