हुरडा, भाचे आणि एकच गुहा

पौषात परभणीजवळच्या आमच्या शेतावर हुरडा निघाला की ताई दोन्ही मुलांना घेऊन येते, आणि गेली तीन वर्षे त्या दोघांचा एकच खटला आगटीभोवती माझ्यापुढे चालतो. 'ड्रॅगन एज' या संगणकावरच्या खेळमालिकेचा पहिला भाग श्रेष्ठ की दुसरा, हा तो खटला होय. बांधावरून भांडणाऱ्या भावकीसाठी निदान सरकारी मोजणी आणता येते. इथे तीही सोय नाही.

थोरला पहिल्या भागाचा, म्हणजे २००९ सालच्या 'ओरिजिन्स'चा निष्ठावंत आहे. धाकटा २०११ च्या मार्चमध्ये आलेल्या दुसऱ्या भागाची वकिली करतो. दोन्ही भागांत जेमतेम सोळा महिन्यांचे अंतर आहे, हा थोरल्याचा हुकमी पुरावा. एवढ्या अवधीत आमच्या गल्लीतली नालीसुद्धा पूर्ण झाली नव्हती, त्यामुळे मला त्यात गुन्ह्यापेक्षा कौतुकच अधिक दिसले. पण तसे बोललो असतो तर माझ्यावर पक्षपाताचा आरोप आला असता. "दादा, यांचे एकदा मिटवून टाक, यांच्या वादात कणसे करपतात," असे ताईने बजावल्यावर मात्र थोरल्याचा जुना लॅपटॉप ठेवून घेऊन दोन्ही भाग स्वतः खेळण्यावाचून मला गत्यंतर उरले नाही.

पहिल्या भागात नायकाचे कूळ आपणच निवडायचे असते आणि त्यानुसार कथेचा आरंभ सहा प्रकारांनी होतो. मी ड्वार्फांच्या, म्हणजे भुयारी नगरात राहणाऱ्या बुटक्या लोकांच्या, राजघराण्यातला मुलगा निवडला. तिथे सख्खा भाऊच गादीसाठी डाव रचतो, त्यामुळे कथानक समजायला मला कसलीच अडचण आली नाही. अडचण निराळीच होती. नायकाने काय बोलावे ते आपण निवडतो, समोरचा त्याला सविस्तर उत्तरही देतो, पण नायकाच्या तोंडून शब्द फुटत नाही. माझ्या लग्नाच्या बैठकीत मी नेमका असाच बसलो होतो.

दुसऱ्या भागातला नायक हॉक मात्र बोलतो, आणि सौम्यपणे, खोचकपणे की दरडावून बोलायचे ते आपल्या हाती असते. मी साठ तास केवळ खोचक बोललो; घरी ही चैन परवडत नाही. त्याची कथा सांगणारा व्हॅरिक तर आमच्या पारावर सहज खपून जाईल, कारण तो आरंभीच इतक्या थापा मारतो की चौकशी करणाऱ्या बाईला त्याला मध्येच थांबवावे लागते. पण गुहा! कोणत्याही कामगिरीवर निघालो तरी पुन्हा तीच गुहा समोर येते, फक्त या खेपेस एखादी वाट बंद आणि दुसरी उघडी असते. वेरूळला चौतीस लेणी कोरणाऱ्यांनी एकीची नक्कल दुसरीत केली नाही, हा थोरल्याचा मुद्दा मला तिसऱ्या फेरीत पटला आणि चौथ्या फेरीत मी नकाशा पाहणेच सोडून दिले. शिवाय शत्रू संपले असे वाटून हुश्श करावे, तोच पंगत उठताना आलेल्या वऱ्हाडाप्रमाणे त्यांची दुसरी तुकडी टपकते.

तरीही खरे सांगायचे तर माझे मन दुसऱ्या भागातच गुंतले. पहिल्या भागात देश वाचवायचा असतो, तर दुसऱ्यात कर्कवॉल या एकाच शहरात निर्वासित म्हणून येऊन वर्षानुवर्षे नांदायचे असते. जहाज फुटल्याने अडकलेले कुनारी नावाचे परके योद्धे बंदरात तळ ठोकून बसतात, गावकऱ्यांशी त्यांचे बिनसत जाते, आणि भडका उडणार हे दिसत असूनही कोणी वेळेत काही करीत नाही. ज्याने एकाच गावात जन्म काढला आहे, त्याला हे कुठल्याही ड्रॅगनपेक्षा खरे वाटते.

यंदा मी निकाल सांगायला बसलो. गुहांचा दोष मान्य केला, मग कुनारींच्या सरदाराची, त्या अरिशोकची बाजू मांडू लागलो, आणि मांडताना आवाज कधी चढला ते मलाच कळले नाही. थोरला शेंगदाण्याच्या चटणीबरोबर निवांतपणे हुरडा खात होता. धाकटा मोबाईलमध्ये दुसराच कुठला तरी खेळ पाहत होता.

"मामा," तो मान वर न करता म्हणाला, "तुमचे कणीस."

ते पार कोळसा झाले होते, आणि ताई माझ्याकडेच पाहत होती.