परदेशातून: ३.२ रेटिंगचं हॉटेल आणि आत्याचे गुडघे

सध्या आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सर्व्हिस चार्जवरून जोरदार जुंपली आहे. चुलतभाऊ पुण्यात एका हॉटेलात सगळ्यांना घेऊन जेवायला गेला, अ‍ॅपवर ४.४ बघून, बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला, काढा म्हणाला तर मॅनेजर म्हणे दारावर पाटी आहे, वाचून आत यायचं होतं. झालं. लगेच दोन तट. एकांचं म्हणणं, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हा चार्ज परस्पर बिलात लावता येणार नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने हॉटेलवाल्यांच्या संघटनांच्या याचिका फेटाळून तेच कायम केलं, मग द्यायचाच कशाला. दुसऱ्यांचं म्हणणं, पाचशे रुपयांच्या पनीरवर कुणी भांडत नाही आणि वेटरच्या पन्नासावर बरे भांडता. आणि मग नेहमीप्रमाणे वहिनींनी मला टॅग केलं, "तुमच्या टोकियोत कसं असतं गं?"

परदेशातल्या माणसाला हा प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर आधीच ठरलेलं असतं, आपण फक्त शिक्का मारायचा. इथे टिप नाही, कुणी हात पुढे करत नाही, जेवढं मेनूवर तेवढंच बिलात, किती छान, आपल्याकडे कधी सुधारणार. मला या शिक्क्याचा कंटाळा आलाय, कारण मुळात ते अर्धवट खरं आहे. इझाकाया म्हणून इथे गल्लोगल्ली जो प्रकार असतो, संध्याकाळी पिणं आणि बरोबर थोडं थोडं खाणं, तिथे तुम्ही टेकता न टेकता तोच न मागता एक छोटी वाटी पुढे येते. उकडलेला पालक असेल, मुळ्याच्या चकत्या असतील, काहीही, तुम्हाला चॉइस नाही. त्याला ओतोशी म्हणतात आणि त्याचे माणशी तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात. बऱ्याच ठिकाणी मेनूवर त्याचा पत्ताही नसतो. टूरिस्ट लोकं यावरून काउंटरवर वाद घालतात, आणि जपानी लोकं घालत नसली तरी आपसात कुरकुरतातच, काही ठिकाणी सुरुवातीलाच नको म्हटलं तर काढतातही. तेव्हा कृपा करून जपानचं उदाहरण कुठल्याच बाजूने देऊ नका. माझं मत विचाराल तर कोर्टाचं बरोबर आहे, पैसे वाढवायचे तर मेनूतल्या किमतीत वाढवा, आणि हेच मी ओतोशीबद्दलही म्हणेन.

पण ओतोशीवरून माझं कधी डोकं फिरलं नाही हेही खरं, आणि त्याचं कारण मला या सगळ्या भांडणापेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतं. मी हॉटेल अ‍ॅपवर शोधतच नाही, माणसांना विचारते.

आम्ही राहतो मोन्झेन-नाकाचोला. तोझाई लाइनवर चार स्टेशनं पुढे गेलं की निशी-कासाई, जिथे आपली आयटीवाली मंडळी मोठ्या संख्येने राहतात, तिथल्या एदोगावा वॉर्डात तर २०१९ साली आपले योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले. आमच्या इथे मात्र जुनं टोकियो, तोमिओका हाचिमान हे १६२७ सालचं देऊळ, त्याच्या आसपास अरुंद गल्ल्या आणि गल्लीत आठ-दहा खुर्च्यांची हॉटेलं. यंदा आत्या, आतोबा आणि त्यांचा मुलगा आले होते. आत्या शुद्ध शाकाहारी, आतोबा रत्नागिरीचे म्हणजे प्रश्नच नाही, आणि मुलाला "ऑथेंटिक" काहीतरी हवं होतं. एकाच टेबलावर या तिघांना बसवायचं म्हणजे तुम्हीच विचार करा.

मी गेले टोफूवाल्या आजींकडे. या बाईंना विचारायचं कारण असं की त्यांचा टोफू आसपासच्या बऱ्याच हॉटेलांत जातो, त्यामुळे त्या हॉटेलं मागच्या दाराने ओळखतात. कोणाचं किचन स्वच्छ आहे, कोण उधारी थकवतो, कोणाची बायको आजारी असल्याने सध्या मेनू छोटा केलाय, सगळं. मी विचारलं, घरचे येतायत, जेवायला कुठे नेऊ? तर उत्तर नाहीच, उलटे प्रश्न सुरू. किती जण? वय काय? जमिनीवर बसता येतं का? (आत्याचे दोन्ही गुडघे गेलेत, हे मला सुचलंच नसतं सांगायला.) सिगरेटचा वास चालतो का? पिणारे आहेत का? आठच्या आत उठाल का, कारण त्यानंतर तिथले रोजचे लोक येतात. हे सगळं झाल्यावर दोन नावं स्वतःच बाद केली, एक जमिनीवर बसावं लागतं म्हणून आणि एक धुरामुळे. एप्रिल २०२० पासून इथे हॉटेलात धूम्रपानबंदी आहे, पण ज्या लहान जुन्या हॉटेलात नोकर नाही, नवरा-बायकोच चालवतात, तिथे टोकियोत अजून सूट मिळते, दारावर स्टिकर असतो फक्त.

तिसरं नाव ठरलं. तिथे टेबलं बुटकीच, पण खाली खड्डा केलेला असतो, पाय खुर्चीवर बसल्यासारखे सोडता येतात. आजींनी माझ्यासमोरच फोन लावला आणि त्यांचा मुख्य प्रश्न होता, दाशी कशाची आहे? दाशी म्हणजे इथल्या स्वयंपाकाचा पाया, सूपपासून भाजीपर्यंत सगळ्यात पडणारं पाणी, आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचं असतं. म्हणजे तुम्ही भाजी मागवता, ताटात भाजीच येते, आणि तरी ती मासळीची असते. एखादा भाबडा वेटर मनापासून सांगतो की यात मासा नाही, कारण त्याच्या लेखी तुकडा नाही म्हणजे मासा नाही. पलीकडून उत्तर आलं की आधी कळवलंत तर नुसत्या कोम्बूची, म्हणजे समुद्री शेवाळाची, दाशी वेगळी काढून ठेवतो. आणि मग आजी मला म्हणाल्या, ओतोशी येईल हं, चारशे येन, आत्याबाईंसाठी बीन्स द्यायला सांगितलंय.

भांडायला जागाच राहिली नाही.

दारात पोचल्यावर आत्याच्या मुलाने फोन काढला आणि ओरडलाच, "ताई, ३.२? पुण्यात ३.२ वाल्याकडे कुणी चहाला पण जाणार नाही." हे त्याने तबेलॉगवर बघितलं होतं, २००५ पासून चालू असलेली इथली हॉटेल रेटिंगची साइट. तिथे पाचपैकी साडेतीन म्हणजे अगदी वरच्या थरातलं हॉटेल, रांगा लागतात. गल्लीतली बहुतेक चांगली हॉटेलं तीन आणि साडेतीनच्या मध्येच असतात. एक तर लोकं पाच देत नाहीत, छान जेवलो म्हणून साडेतीन देऊन मोकळे होतात, आणि दुसरं म्हणजे आकडा साधी सरासरी नसतो, जुन्या अनुभवी रिव्ह्यूवाल्यांच्या मताला वजन जास्त, कसं ते गुपित. त्या गुपितावरून कोर्टबाजीही झाली. मे २०१९ मध्ये हिशोबाची पद्धत बदलली आणि साखळी हॉटेलांचे आकडे घसरले, एका कोरियन बार्बेक्यू साखळीने केस टाकली, २०२२ मध्ये टोकियो जिल्हा कोर्टाने साइटच्या कंपनीला ३ कोटी ८४ लाख येन द्यायला सांगितलं आणि २०२४ मध्ये हायकोर्टाने तो निकाल फिरवला. सांगायचा मुद्दा, इथेही आकडा काही देवाने दिलेला नाही. आपल्याकडे तर ४.४ म्हणजे किमान आणि ४.८ म्हणजे नवीन उघडलंय, मालकाच्या सगळ्या नातेवाईकांनी टाकलंय. खोट्या रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये मानक काढलं, जपानने ऑक्टोबर २०२३ पासून जाहिरात आहे हे लपवून केलेल्या जाहिरातीवर बंदी आणली, चांगलंच आहे सगळं. पण आकडा अगदी शंभर टक्के खरा असला तरी आत्याचे गुडघे त्यात कुठे बसणार?

जेवण काय झालं ते थोडक्यात सांगते. आत्याला थंड टोफू आला, वर नेहमी माशाच्या किसाचा ढीग असतो तो न घालता आलं आणि कांद्याची पात, मग मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, लावून भाजलेलं वांगं, ते तिने दोनदा मागवलं. आतोबांना फुकागावा-मेशी, या भागाचीच खासियत, पूर्वी इथे समुद्र जवळ होता तेव्हा कोळी लोकांचं खाणं, छोट्या शिंपल्या आणि जाडी पात मिसोत शिजवून रश्श्यासकट भातावर ओततात. आतोबा पहिल्या घासाला गप्प, दुसऱ्याला म्हणाले, "अगं हे तिसऱ्यांचं कालवण आहे, खोबरं घालायचं विसरलेत." मुलगा काही बोलला नाही पण फोटो बरेच काढले.

आता स्थानिक लोकांचा सल्ला म्हणजे अमृत असंही मी म्हणणार नाही, त्यातही गंमत असते. ऑफिसातल्या सहकाऱ्याला विचारलं तर तो हमखास एखाद्या मोठ्या साखळीची लिंक पाठवतो, इंग्लिश मेनू, फोटो, चूक होण्याची शक्यता शून्य. त्याला तुमची काळजी असते, पण तुमच्यामुळे स्वतःची पंचाईत होण्याची जास्त असते. काही जण भारतीय म्हटल्यावर थेट करीच्या दुकानाकडे बोट दाखवतात. आणि काही हॉटेलं अशीही आहेत की लोकं तुम्हाला त्यांची नावं सांगणारच नाहीत, तिथे ओळखीशिवाय नवीन माणसाला घेतच नाहीत, ते मला अजूनही खटकतं, कितीही परंपरा म्हणा. आपल्याकडे कुणी असं केलं तर मी पहिली बोंब मारीन. म्हणून "इथलं बेस्ट कुठलं" असं विचारायचं नाही. तुम्ही स्वतःच्या पैशाने मागच्या वेळी कुठे जेवलात, आणि तिथे तुमच्या आईला न्याल का, हे विचारायचं. चेहरा बघण्यासारखा होतो आणि उत्तर खरं येतं.

बरं, शाकाहाराचं निघालंच आहे तर. ग्रुपवरचं दुसरं कायमचं भांडण ते. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबलं ठेवण्यावरून झालं, मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी ऑर्डरींसाठी हिरव्या ड्रेसचे वेगळे रायडर आणले आणि गदारोळ झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हिरवा ड्रेस मागे घेतला. इथे राहून माझं मत दोन्ही बाजूंना न आवडणारं झालंय. पाकिटावरचा तो हिरवा ठिपका मला इथे अक्षरशः आठवतो, दुकानात चिप्सच्या पाकिटामागचा बारीक जपानी मजकूर वाचत उभी असते तेव्हा वाटतं की आपल्या देशाने काय सोय करून ठेवलीय. पदार्थात काय आहे हे कळणं हा खाणाऱ्याचा हक्क आहे, त्यात सोवळं बिवळं काही नाही. पण टेबल वेगळं कशाला? आत्या आणि आतोबा चाळीसेक वर्षं एकाच टेबलावर जेवतायत, त्या दिवशीही तिच्या वांग्याशेजारी त्यांच्या तिसऱ्या होत्या. तिला दाशी वेगळी हवी होती, टेबल नव्हे. आणि रायडरने हिरवा शर्ट घातल्याने डब्यातल्या भाजीत काय फरक पडतो हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

पुण्यात हे विचारणं नव्हतं असं थोडीच आहे. खानावळ कुठली लावायची हे अख्खं सदाशिव पेठ तोंडी सांगायचं, डबा तिखट असतो का, रविवारी संध्याकाळी सुट्टी असते का, सगळं. आता तीच माणसं शेजारच्याला न विचारता अ‍ॅप उघडतात, आणि तिथे जाऊन चिडली की ग्रुपवर येऊन कायद्याची कलमं टाकतात. दादा, तू चार्ज काढा म्हणालास ते बरोबरच केलंस, पण ग्राउंड फ्लोअरच्या जोशीकाकूंचा मुलगा हॉटेलांना भाजी पुरवतो ना? त्याला विचार की पुढच्या वेळी. आणि मी डिसेंबरात येतेय, लेकाला तिखट चालत नाही, आईला जिना चढवत नाही आणि आम्हाला साडेसातला भूक लागते, तेव्हा लिंक पाठवू नका, नाव पाठवा.