ज्याच्या उसात बिबट्या, त्याच्या हातात कॅमेरा

माझ्या घरामागे जेमतेम अर्ध्या एकराची झाडी आहे. ओक, बीच, स्वीटगम, मधूनमधून सरळसोट पाइन आणि खाली पाऊस पडून गेल्यावर दोन-चार दिवस वाहणारा एक ओहोळ. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॅली शहराच्या आसपासच्या वस्त्यांत अशी झाडी बऱ्याच घरांमागे असते. मधे कुंपण नसलं की एकाची झाडी दुसऱ्याच्या झाडीत मिसळते आणि जनावरांना सलग वाट मिळते. चार वर्षांपूर्वी ओहोळाकाठच्या बीचच्या खोडाला मी पहिला ट्रेल कॅमेरा बांधला. गुडघ्याच्या उंचीवर, तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन थेट भिंगात येत नाही.

आजूबाजूपेक्षा उबदार असं काही समोरून हललं की या कॅमेऱ्याच्या सेन्सरला ते कळतं आणि तो जागा होतो. उन्हाने तापलेली फांदी वाऱ्यावर हलली तरी तो फोटो काढत सुटतो. रविवारी सकाळी कार्ड काढून बघायला बसलं की तीनशे फोटोंतले अडीचशे नुसत्या पानांचे निघतात. उरलेल्या पन्नासांसाठी मी आठवडाभर वाट बघते. हरणं असतात, रॅकून असतात, क्वचित एखादा बॉबकॅट कॅमेऱ्याकडे न बघता निघून जातो.

गेल्या नोव्हेंबरातली एक चित्रफीत मी अजून पुन्हापुन्हा बघते. पहाटेचे ३ वाजून ४० मिनिटं. एक ओपॉसम आलं. मांजराएवढं, पांढऱ्या तोंडाचं जनावर, मादीच्या पोटाला पिल्लांसाठी पिशवी असते. मेक्सिकोच्या उत्तरेला असं पिशवीवालं दुसरं जनावर नाही. त्याने तोंडाने वाळकी पानं उचलली, पुढच्या पायांत धरली, पोटाखालून मागे सारली. मागच्या पायांनी ती शेपटीपाशी ढकलली आणि शेपटीचा वेढा घालून चक्क भारा बांधला. पाच-सहा वेळा असं करून, भारा पडू न देता ते हळूहळू ढोलीकडे निघून गेलं. माझी आजी बांधावर बसून पाचटाचा भारा बांधायची, तसाच गुडघा दाबून घट्ट. मला राहवलं नाही. चित्रफीत मी घरच्या ग्रुपवर टाकली.

दादाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "तुझ्याकडचं जनावर छान आहे. इथं पोरांना शाळेत पोचवायला रोज एक माणूस मोडतोय."

माझं माहेर जुन्नर तालुक्यात, ओतूरजवळ. दादाचा चार एकर ऊस आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबुत भागात, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काही आठवड्यांच्या आत बिबट्याने तिघांचा जीव घेतला. त्यांत दोन लहान मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला, वनखात्याची गाडी जाळली, शेवटी एका बिबट्याला गोळी घालावी लागली. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जाणाऱ्या बायकांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. त्यांतली एक जण माझ्या वहिनीच्या ओळखीची निघाली. आणि मी त्याच आठवड्यात ओपॉसमच्या शेपटीचं कौतुक पाठवत होते.

तेव्हापासून मी या प्रश्नावर लिहायचं टाळत होते. परदेशात राहून वन्यजीवांबद्दल बोलणाऱ्या माणसाने आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझी झाडी निर्धास्त आहे, कारण इथला मोठा शिकारी प्राणी माणसांनी कधीच संपवला. वसाहतींच्या काळापासून लांडग्याच्या मुंडक्याला बक्षीस होतं. पूर्वेकडचा कूगर, म्हणजे बिबट्याएवढी मोठी रानमांजराची जात, अधिकृतरीत्या नामशेष ठरला. तांबडा लांडगा १९८० मध्ये जंगलातून संपला असं जाहीर झालं. पिंजऱ्यात वाढवलेले काही लांडगे १९८७ मध्ये या राज्यातल्या समुद्राकाठच्या अ‍ॅलिगेटर रिव्हर अभयारण्यात सोडले. ते वाढून शंभरावर गेले आणि मग पुन्हा घसरत मोजक्यांवर आले. त्याला गाड्यांखालचे अपघात कारण झाले, तसा जमीनमालकांचा विरोध आणि बंदुकीची गोळीही. त्या भागात गावं विरळ, शेतं अफाट, आणि लांडगा माणसाच्या वाटेला जातच नाही. तरी तो नको झाला.

याच्या शेजारी अकोल्याची गोष्ट ठेवून बघा. नगर जिल्ह्यातलं आपलं अकोले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शेतशिवारात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात अशा मुलखात, शंभर चौरस किलोमीटरमागे सरासरी ४.८ प्रौढ बिबटे निघाले आणि जवळपास तेवढेच तरस. त्या शिवारात अभयारण्य नाही, मोठं जंगल नाही. या बिबट्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता. अमेरिकेतल्या कुठल्याही गावाने हे आठवडाभरही सहन केलं नसतं, हे मी इथे वीस वर्षं राहून सांगते. त्यामुळे जुन्नरच्या शेतकऱ्याला सहजीवनाचे धडे देणारे लेख वाचले की मला वाईट वाटतं. त्याने पिढ्यानपिढ्या जे करून दाखवलं, ते धडे देणाऱ्यांपैकी कुणीच केलेलं नाही.

पण दुसऱ्या बाजूच्या घोषणाही मला पटत नाहीत. सगळे पकडा, दुसऱ्या राज्यात पाठवा, दिसेल त्याला गोळी घाला. पकडून दुसरीकडे सोडायचा प्रयोग आपल्याच जुन्नरात २००० नंतरच्या काही वर्षांत झाला होता. त्याचा हिशोबही मांडला गेला आहे: वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, ते सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर परतीची वाट शोधत भटकतं, आणि रिकाम्या जागेत नवं जनावर येतं, ज्याला तिथली माणसं, वस्त्या, रस्ते काहीच माहीत नसतं. दादाच्या भाषेत, "ओळखीचा वाघ गेला आणि परका आला." आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.

ओळखीचा. हा शब्द माझ्या मनात घर करून बसला, कारण माझ्या अर्ध्या एकरात मी हेच शिकले. पहिल्या हिवाळ्यात मला वाटायचं की झाडीत चार-पाच करडे कोल्हे आहेत. रोज रात्री दिसायचे, कधी दोनदा. फोटो शेजारी शेजारी लावून बघितले तेव्हा कळलं की ते दोनच आहेत. एकाच्या डाव्या कानाला खाच आहे, दुसऱ्याची शेपटी टोकाला बारीक. भीती असो की हौस, एकच जनावर आपण चार वेळा मोजतो. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके तर बोटांच्या ठशासारखे असतात आणि दोन्ही कुशींचे वेगवेगळे, म्हणून अभ्यासक वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत वाघांच्या पट्ट्यांवरून हीच मोजणी नव्वदच्या दशकात बसवली. पुढे २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले. त्यांत वाघांचे ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. कॅमेऱ्याने मोजायचं कसं, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही.

शिकायचं असेल तर वेगळंच काही. या राज्यात २०१६ ते २०१९ या काळात कँडिड क्रिटर्स नावाचा एक उपक्रम झाला. राज्याच्या शंभरही काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, सामान्य माणसांनी कॅमेरे लावले. कॅमेरा हवा असेल तर पुस्तक आणावं तसा सार्वजनिक वाचनालयातून घरी न्यायचा. शेतकरी, शाळेतली मुलं, निवृत्त लोक, सगळ्यांनी आपापल्या रानात तो बांधला, फोटोंतली जनावरं स्वतः ओळखली, मग तज्ज्ञांनी ती तपासली. आपल्या परसात काय फिरतं हे आधी घरच्या माणसाला कळलं आणि नंतर शास्त्रज्ञाला. जमलेली माहिती सर्वांना बघायला खुली राहिली.

आपल्याकडे कॅमेरा जातो तो बहुतेक वेळा सरकारी नाही तर संशोधकाच्या पिशवीतून. ज्याच्या बांधावर तो लागतो, त्याला फोटो दिसेलच असं नाही. उलट्या बाजूचं एक उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. उत्तराखंडात कॉर्बेटच्या परिसरातल्या कॅमेऱ्यांवरचा केंब्रिजमधल्या एका संशोधकाचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरपणाला जाणाऱ्या बायका पूर्वी जंगलात मोठ्याने बोलायच्या, गाणी म्हणायच्या, त्या आवाजाने जनावरं लांब राहायची. कॅमेरे आल्यावर त्या गप्प झाल्या आणि नजर चुकवायला अनोळखी, आत आत जाणाऱ्या वाटांनी जाऊ लागल्या. आडोशाला बसलेल्या एका बाईचा फोटो निघाला आणि तो गावच्या ग्रुपांवर फिरला. चिडलेल्या लोकांनी कॅमेरे फोडले. मला त्यांचा राग चुकीचा वाटत नाही. माझ्याही कॅमेऱ्यात एकदा शेजाऱ्यांची शाळकरी मुलगी आली होती. मी तो फोटो त्यांच्यासमोर पुसला, कॅमेऱ्याचं तोंड वळवलं आणि तो कुठे बांधला आहे ते आजूबाजूच्या चारही घरांना दाखवून आले. इथे मला ते सुचलं, कारण शेजारी मला हटकू शकतात. जंगलात लाकडं गोळा करणारी बाई कुणाला हटकणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. बिबट्याच्या मुलखात कॅमेरे वाढावेत, पण ते गावाचे असावेत. ग्रामपंचायतीने घ्यावेत, शाळेतल्या नववी-दहावीच्या पोरापोरींनी सांभाळावेत, आणि आपल्या शिवारातले बिबटे त्यांनीच ओळखावेत. कुठला नर, कुठली मादी, कुणाबरोबर बछडे आहेत. ऊसतोडीत बछडे सापडले की त्याच जागी ते खोक्यात ठेवून, समोर कॅमेरा लावून रात्री आईची वाट बघण्याचं काम वनखातं आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राची माणसं कितीतरी वर्षं करत आहेत. ते फोटो ज्यांनी बघितले त्यांच्या बोलण्यात फरक पडलेला मी ऐकला आहे. आणि खोट्या फोटोंचा बंदोबस्तही यानेच होईल. गेल्या वर्षी पुण्यात एआयने बनवलेले बिबट्याचे फोटो फिरले, लोक घाबरून घरात बसले आणि वनखात्याला खुलासे करावे लागले. गावाला आपला बिबट्या ठिपक्यांनिशी माहीत असेल तर असला फोटो तासभरही टिकणार नाही.

यात धोका आहे, तो मी डोळ्याआड करत नाही. जागेचा पत्ता शिकाऱ्याला लागू शकतो. एखादा फोटो ग्रुपवर पडून जमाव काठ्या घेऊन उसात घुसू शकतो. म्हणून फोटो गावाने बघावेत पण जागा बाहेर जाऊ देऊ नये, एवढा नियम लागेलच. आणि कॅमेरा बिबट्याला अडवत नाही, हेही खरं. ज्या घरातलं लेकरू गेलं, तिथे जाऊन कॅमेऱ्याची गोष्ट करायची माझी छाती नाही.

तरी जानेवारीत गावी गेले तेव्हा एक कॅमेरा बरोबर नेला. दादा आधी नको म्हणाला. पुतणीने हट्ट धरला, ती दहावीला आहे. तिने तो मोटरीच्या पेटीकडे जाणाऱ्या बांधावर, बाभळीला बांधला. बायकांच्या जाण्यायेण्याची ती वाट नाही, हे आधी आईला विचारून घेतलं. आठवडाभर काही आलं नाही, मांजर आलं, शेजारचं कुत्रं आलं. नवव्या दिवशी तिने मला दोन फोटो पाठवले. पहिल्यात पहाटे २ वाजून १० मिनिटांनी दादा आहे, कानाला मफलर, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी, मोटर चालू करायला निघालेला. दुसरा २ वाजून ३२ मिनिटांचा. तोच बांध, तीच बाभळीची सावली, आणि दादाच्या बुटांचे ठसे होते तिथून चालत जाणारी मादी, मागे एक बछडा.

दादा फोनवर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बावीस मिनिटं."

ती मादी आता त्यांना ओळखू येते. उजव्या खांद्यावर तीन ठिपके जोडून गेलेत. पुतणीने तिची वही केली आहे. दादाने ते दोन्ही फोटो मोठे छापून घेतले आणि आळीतल्या सतरा शेतकऱ्यांच्या सह्या घेऊन, दिवसा थ्री फेज वीज मिळावी या अर्जाला जोडले. अर्ज दाखल होऊन महिना झाला. या आठवड्यात त्यांच्याकडे वीज रात्री दहा ते सकाळी सहा आहे.