रँक पुश आणि टेकडीवरचा मारोती

सीझन संपायला आठवडा राहिला की आमच्या गावातली चार-पाच टवाळ पोरं एकदम भाविक होतात. दिवेलागणीला गावाबाहेरच्या टेकडीवर, मारोतीच्या ओट्यावर, देवाकडे पाठ करून ओळीनं बसलेली, माना खाली, ओठ पुटपुटून राहिलेले. एखादी म्हातारी दिवा लावायला येते, पाहते अन् खाली जाऊन सांगते का पोरायनं चांगलं वळण घेतलं बावा, जप करून राह्यले. आता तिला कोण सांगणार की जप "झाडामागं हाय, झाडामागं, मार मार मार" असा चालला होता. टेकडी निवडण्याचं कारण एवढंच की दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात टॉवरच्या दोन दांड्या फक्त तिथं येतात, त्याही दक्षिणेकडं तोंड केलं तर. मारोतीपण दक्षिणमुखीच आहे, तो कोणत्या कंपनीचं सिम वापरतो ते विचारलं नाही.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीजीएमआय म्हणून गेम आहे, आधी पबजी होती ती. विमानातून शंभर जण एका बेटावर उड्या मारतात, बंदुका शोधतात, एक गोल लहान लहान होत जातो, शेवटी जो उरला तो जिंकला. इथपर्यंत ठीक आहे, करमणूक आहे. पण मॅच संपली की स्क्रीनवर आकडा येतो, प्लस किंवा मायनस, आणि तिथून माणसाच्या आयुष्याची माती होते. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड असं चढत जायचं, ३७०० पॉइंट झाले की क्राउन, ४२०० ला एस, आणि सगळ्यात वर कॉन्करर, ते अख्ख्या सर्व्हरवर फक्त ५००. त्यात क्राउनपर्यंत प्रत्येक पायरीचे परत पाच तुकडे, आणि ते उलटे मोजतात, क्राउन पाच सगळ्यात खालचा अन् क्राउन एक सगळ्यात वरचा. मी एकदा जेवताना आनंदानं सांगितलं की आई, क्राउन चारवरून तीनवर आलो, तर आई म्हणाली, "चाराचे तीन झाले ना, मंग हसून काहून राह्यला?"

बरं, एवढं चढून तरी हाती काय लागते, तर साधारण दोन महिने झाले की सीझन संपते आणि सगळ्यांना दणकन काही पायऱ्या खाली ढकलतात. पुन्हा चढा. वर राहिला तर खेळणार कशाला, हा कंपनीचा हिशोब, आणि मला तो पूर्ण पटतो, फक्त माझ्यावर लागू करू नये एवढंच म्हणणं आहे.

गोल्डपर्यंत काही त्रास होत नाही. खालच्या पायऱ्यांवर माणसं कमी अन् बॉट जास्त टाकलेले असतात, म्हणजे कॉम्प्युटरनं चालवलेली बुजगावणी, ती समोर येऊन उभी राहतात, भलतीकडं गोळी मारतात आणि मरतात. आमच्या मोठ्या आईचा गजू नवीन नवीन खेळायला लागला तेव्हा दर मॅचला इतकी माणसं मारून राहिला होता की त्यानं आयटीआय सोडायचं जाहीर केलं, म्हणे आता करिअर ई-स्पोर्ट्समध्येच. मग तो प्लॅटिनमला गेला. तिथं खरी माणसं होती. गजू सध्या आयटीआयला नियमित जातो.

हे पॉइंटचं खूळ काढलं कोणी म्हणून मी एकदा वाचत बसलो, कारण शत्रूची माहिती असलेली बरी. तर त्याचं मूळ बुद्धिबळात निघालं. आर्पाड एलो म्हणून हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत मिलवॉकीला फिजिक्स शिकवणारे प्राध्यापक, त्यांनी गणित बसवलं. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेनं ते १९६० ला घेतलं, फिडेनं, म्हणजे जागतिक संघटनेनं, १९७० ला. गणित असं की दोघांच्या रेटिंगमधला फरक बघून आधीच ठरवायचं की कोण किती जिंकायला पाहिजे. फरक ४०० चा असला तर वरच्यानं शंभरातले साधारण ९१ गुण घ्यायलाच पाहिजेत. म्हणून त्यानं खालच्याला हरवलं तर त्याचं कौतुक नाही, जेमतेम दोनेक पॉइंट हातावर टेकवतात, आणि हारला तर अठरा कापतात (फिडेत बहुतेक खेळाडूंना जो २० चा गुणक असतो त्या हिशोबानं). आता आमच्या गेममध्ये शंभर जण एकाच वेळी एकमेकांच्या जिवावर उठलेले, त्यामुळे किती वेळ टिकला, कितवा आला, किती मारले असं बरंच काही मोजतात, पण स्वभाव तोच. जितका वर जाशील तितकं मिळणार कमी, जाणार जास्त. एलोसाहेब १९९२ ला वारले, त्यांनी हे टेकडीवरचं दृश्य पाहिलं नाही, बरंच झालं.

ही माहिती मी घरी एकदाच वापरली. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला महिला बुद्धिबळ वर्ल्ड कप जिंकली, फायनलला कोनेरू हम्पीला हरवलं, १९ व्या वर्षी, ग्रँडमास्टर पण झाली. आमच्याकडं टीव्हीवर दिवसभर तेच. आई डोळ्याला पदर लावून बघत होती, जशी काही तिचीच पोरगी. मी संधी साधली, म्हटलं आई, तिचे पॉइंट ज्या गणितानं मोजतात ना, आमच्या गेमचं घराणं तेच. आई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "घरानं तर आपलंबी देशमुखाचंच हाय. त्यानं काय होते?"

बाबांना मात्र हा विषय ऐकताक्षणी समजला, आणि मला त्याचा धक्काच बसला. त्या दिवशी मी पहिल्या पाचात होतो, शेवटचा गोल, समोर चौघं, आणि लाईन गेली. आमच्याकडं लाईन गेली की टॉवरची बॅटरी पण थोड्या वेळात जीव सोडते. नेट परत येईस्तोवर मी तिकडं उभ्या उभ्या मेलेलो आणि पुढच्या मॅचला घाईत पहिल्याच मिनिटाला गेलो, चांगला दणदणीत मायनस. मी ओट्यावर डोकं धरून बसलो. बाबा म्हणाले काय झालं, म्हटलं पॉइंट कापले. बाबांनी विडी विझवली. "किती?" सांगितलं. "मशीन कोनाचं हाय?" म्हटलं कंपनीचं. "मंग कापनारच," बाबा म्हणाले, "आपल्या कापसाचं काय होते? घरून वाळला-वाळला नेतो, तिकडं ओल मोजाचं मशीन लावते, आठ टक्क्याच्या वर गेलं का कटती सुरू, बाराच्या वर गेलं का गाडी वापस. मशीन आपन पाह्यलं का कधी? रात्री दव पडलं, तो आपला गुन्हा हाय का?" मी म्हटलं बाबा, सेम माझं, मी चांगला खेळत होतो, लाईनीनं घात केला. त्या रात्री आम्ही बापलेक पहिल्यांदाच एका विषयावर तासभर बोललो. शेवटी ते म्हणाले, "पन मले कटती होऊनबी पैसे भेटते. तुले काय भेटते?" मग मी झोपायला गेलो.

लाईन जाण्याचं एक दुःख, पिंगचं दुसरं. पिंग म्हणजे तुमचं बोट हललेलं तिकडं सर्व्हरला कळून उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात. शहरातल्या पोरांना चाळीस-पन्नास असतो, हिरवागार. आमचा टेकडीवर चांगल्या हवेत दोनशे, ढग आले की साडेतीनशे, लालभडक. साडेतीनशे म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा, ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यात पुण्याचा पोरगा भिंतीआडून निघतो, मला मारतो, परत भिंतीआड जातो, आणि हे सगळं झाल्यावर मला तो भिंतीआडून निघताना दिसतो. मी मेल्यावर गोळ्या झाडत असतो. हुतात्मा म्हणून काही पॉइंट नाहीत त्याला.

म्हणून आमच्यासारख्यांची रँक पुश, म्हणजे पॉइंट वाढवून वर चढायची खटपट, ही लढाई नसतेच. लोकांना वाटते पोरं मारधाड खेळून राहिली, संस्कार बिघडून राहिले. अहो कसली मारधाड. आम्ही विमानातून सगळ्यात शेवटी उतरतो, जिथं कोणी नाही अशा कोपऱ्यात, आणि गवतात पालथे पडून राहतो. जितका वेळ जिवंत तितके पॉइंट. गोल सरकला की सरपटत पुढच्या गवतात. वीस-पंचवीस मिनिटं गवत, फक्त गवत, मोबाईलवर. आई मागून येऊन बघत उभी राहिली एकदा, बराच वेळ. "हे काय करून राह्यला?" म्हटलं गवतात लपलोय. ती काही बोलली नाही, आत गेली, निंदायचा विळा आणून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "खरं गवत वावरात हाय."

मधूनच गेमवर बंदीची बातमी येते तो घरचा सण. २ सप्टेंबर २०२० ला पबजी बंद झाली, २०२१ ला बीजीएमआय नावानं आली, २०२२ च्या जुलैत ती पण स्टोअरवरून गायब, २०२३ च्या मेमध्ये परत. परत आली तेव्हा अठराच्या खालच्यांना दिवसाला तीन तास अन् मोठ्यांना सहा तासांची मर्यादा घेऊन आली. कंपनीनं मला सहा तास दिले होते, घरचे अर्धा तास देत नव्हते. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, बाबा पेपर घेऊन धावतच आले, संपलं म्हणे तुमचं. मी वाचून दाखवलं की पैसे लावायच्या गेम बंद झाल्या, ई-स्पोर्ट्सला उलट त्यात मान्यता आहे. बाबांनी पेपर परत घेतला आणि चष्मा लावून स्वतः वाचला, मला वाटते वाचता वाचता त्यांचा लोकशाहीवरचा विश्वास थोडा उडाला.

आता मुद्द्याचं. यंदाचा सीझन संपायला आला तो नेमका कापसाच्या पहिल्या वेचणीत. सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची वावरातली पूजा, झालं, मजूर मिळेनात, घरातला प्रत्येक माणूस वावरात पाहिजे, आणि मी क्राउन एकवर, एसला थोडक्यासाठी अडकलेलो. दिवसभर वेचून रात्री टेकडीवर जायचं तर बोटं सुजलेली, बोंडाच्या काट्यांनी सोललेली, स्क्रीनला लावली की निशाणा आभाळात. दोन प्लस, तीन मायनस. शेवटी मी मास्तरकडं गेलो.

मास्तर म्हणजे शेजारच्या काकूंचा नववीतला पोरगा. घरी वायफाय आहे, पण काकू आम्हा कोणाला उंबरठ्याच्या आत घेत नाहीत, म्हणतात तुमच्या संगतीनं बिघडेल, आणि आम्ही सगळे त्याच्याकडूनच शिकलो हे त्यांना सांगायची कोणाची हिंमत नाही. मास्तर एस मास्टरला आहे, म्हणजे एसच्याही वर. स्क्वाडमध्ये, म्हणजे चौघांच्या टोळीत, घेतलं तर म्हणतो, "काका, तुम्ही काही करू नका, फक्त गाडीत बसा." त्याचा रेट ठरलेला आहे. क्राउनवरून एस, दोनशे रुपये अन् एक डेटा पॅक, आयडी-पासवर्ड द्यायचा आणि विसरून जायचं. मी दिला. मी वावरात वेचत होतो अन् तिकडं मास्तर माझ्या नावानं माणसं मारून राहिला होता, कामाची ही अशी वाटणी मला तरी न्यायाची वाटली. चार-दोन दिवसांत आयडी परत आला. एस. ४२०० च्या वर. प्रोफाइलला ते चिन्ह बघून माझ्या अंगावर काटा आला.

मग मी एक मॅच लावली. एसच्या मॅचमधली माणसं वेगळ्या जातीची होती. मी पॅराशूटनं खाली येत होतो तेव्हाच कोणीतरी बंदूक घेऊन माझी वाट बघत उभा होता, माझे पाय जमिनीला लागले हे मला आजही खात्रीनं सांगता येत नाही. मायनस आला. अजून एक असा आला असता तर परत क्राउन, दोनशे रुपये पाण्यात. एलोसाहेबांचं गणित बरोबर होतं, माणूस ज्या आकड्याचा आहे तिथं ते त्याला आणून सोडते, फक्त त्यासाठी त्यानं खेळायला पाहिजे. म्हणून मी खेळणंच बंद केलं. दिवसातून दोनदा गेम उघडायची, चिन्ह बघायचं, बंद करायची. गजूनं बोलावलं की म्हणायचं, मूड नाही.

घरात याचा भलताच अर्थ निघाला. पोरगा सुधारला. रात्री घरी असतो, वावरात येतो, मोबाईल उशीखाली. आईनं ही बातमी मावशीला सांगितली, मावशीनं दिग्रसला कोणाला तरी, आणि पुढच्याच रविवारी पोहे-चहाला पाहुणे आले. पोरीच्या बापानं विचारलं पोराले काही नाद? बाबा म्हणाले, "होता एक, मोबाईलचा. सोडला त्यानं. सोताहून." सगळे माझ्याकडं कौतुकानं बघून राहिले होते. पोरीचा भाऊ तेवढा मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला, अकरावी-बारावीचा असेल. थोड्या वेळानं सरकत माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, भाऊ, नाव काय तुमच्या आयडीचं? मी सांगून बसलो, छाती काढूनच सांगितलं.

"एस!" तो एवढ्या जोरात म्हणाला की त्याच्या बापाचा चहा सांडला. "मंग आज रात्री लावू ना भाऊ स्क्वाड?"

म्हटलं नाही जमणार, बोटं पाहा, वेचणी चालू आहे, सीझन झाल्यावर पाहू.

"बरं," म्हणून तो माझं प्रोफाइल खाली खाली सरकवत गेला. हिस्ट्री उघडली. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, मग परत मोबाईलकडं.

"भाऊ, ह्या मंगळवार-बुधवारच्या जेवढ्या मॅच जिंकल्या ना तुम्ही, त्या सगळ्या दुपारच्या मधल्या सुट्टीतल्या कशा हायेत?"