चार तारांवरही पोट भरतं

कार्यक्रम मिळवायचे तर पाच तारांचा बास गिटार हवाच, हे बासवरच्या लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. चार तारांच्या बासची सगळ्यात खालच्या स्वराची मोकळी (न दाबता वाजणारी) तार 'ई', म्हणजे साधारण ४१ हर्ट्झ. पाचवी 'बी' तार ३१ हर्ट्झच्या आसपास जाते, आणि लहान अँपमधून (अँप्लिफायरमधून) तो स्वर नीट ऐकूच येत नाही, नुसती घरघर येते. बासवादक जेम्स जेमरसनने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची बरीच गाणी १९६२ च्या चार तारांच्या फेंडर प्रिसिजन बासवर वाजवली, जाड फ्लॅटवाउंड (गुळगुळीत गुंडाळीच्या) तारांवर, तीही उजव्या हाताच्या एकाच बोटाने! गायिका चढ्या पट्टीऐवजी खालची पट्टी मागते तेव्हा पाचवी तार कामी येते हे मान्य, पण नवशिक्याने आधी तेच पैसे चांगल्या अँपवर घालावेत.

आणखी एक, जे लेखात यायला हवं होतं. अ‍ॅक्टिव्ह बासमध्ये, म्हणजे ज्याचं आतलं सर्किट बॅटरीवर चालतं त्यात, केबल खुपसलेली राहिली की आतली ९ व्होल्टची बॅटरी संपत राहते. माझा आवाज एकदा ऐन कार्यक्रमात फाटायला लागला आणि मग गेलाच. ड्रमर एकटा ताल सांभाळत होता, त्याचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून वाजवून झालं की आधी केबल काढतो, आणि पिशवीत नवी बॅटरी असतेच.

पट्टा मात्र रुंदच घ्या. चार किलोंचं वाद्य तीन तास खांद्यावर असतं. आणि झांजांशेजारी उभं राहणाऱ्यांनो, कानात इअरप्लग घाला, कृपा करून.